फुलबाजी आली, तोंड कुठंय? रात्रीच्या फोटोंचं दरवर्षीचं दुखणं

"मावशी, यात माझं तोंड कुठंय?"

उन्हाळ्याच्या सुट्टीतली रात्र, जेवणं उरकलेली, पोरं अंगणात फुलबाज्या घेऊन गोल गोल फिरतायत आणि भाची माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून उभी. तिचं म्हणणं खरं होतं. फोटोत मधोमध पांढराफटक गोळा, भोवती चार ठिणग्या, आणि ती उभी होती तिथं नुसता काळोख. मी शटर लांबवलं, म्हणजे कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवली, पुन्हा काढला. या खेपेला तोंड आलं, पण एकाऐवजी तीन आली. एक हसणारं, एक धाकट्याला दटावणारं, आणि एक कुणाचंच नाही असं धुरकट.

हे एका रात्रीचं नव्हतं. दर सुट्टीत तेच फोटो, तोच घोळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता साठातले अठ्ठावन्न पुसून टाकणं. लेन्स बदलून पाहिली, फोन बदलून पाहिला. बिघाड दोन्हींत नव्हता. मी एकाच फोटोत दोन फोटो मागत होते.

फुलबाजीने हवेत काढलेली रेघ हा एक फोटो. फुलबाजीच्या उजेडात उजळलेलं पोराचं तोंड हा दुसरा. दोन्हींना लागणारी सेटिंग एकमेकांच्या उलट आहेत, आणि ऑटोवर ठेवलेला कॅमेरा या दोन्हींच्या मधलं काहीतरी निवडतो, जे दोघांच्याही कामाचं नसतं. खाली जी दुखणी लिहिली आहेत त्यातली बरीचशी इथूनच सुरू होतात.

आधी रेघेचं बघू, कारण तिच्यातच गंमत आहे. फुलबाजी फिरते तेव्हा तिचं टोक सेन्सरच्या (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पटलाच्या) एका ठिपक्यावर क्षणभर येतं आणि पुढं सरकतं. शटर दोन सेकंद उघडं असो की दहा, त्या ठिपक्याला मिळणारा उजेड तेवढाच. म्हणजे शटर लांबवलं की रेघ लांब होते, उजळ होत नाही. ती किती उजळ दिसेल हे अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) आणि हात किती जोरात फिरतोय यावर ठरतं. मागची भिंत, झाडं, आकाश मात्र जागच्या जागी असतात, त्यामुळे शटर उघडं आहे तोवर त्यांचा उजेड साचत राहतो. रेघ जळतेय, म्हणजे नुसती पांढरीफटक येतेय, म्हणून शटर कमी करत बसलेली माणसं मी पाहिलीत, मीही त्यातलीच. त्याने रेघ तुटते, जळायची थांबत नाही.

तोंडाची गोष्ट आणखी वेगळी. तिथं उजेड जवळच्या एका ठिपक्यातून येतो आणि अंतर वाढलं की झपाट्याने ओसरतो. फुलबाजी तोंडापासून अर्ध्या मीटरवर आहे ती एक मीटरवर नेली, तर तोंडावरचा उजेड निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो. कॅमेऱ्याच्या भाषेत पूर्ण दोन स्टॉप; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. पोरगं हात लांब करतं, जवळ आणतं, डोक्यावर नेतं. दर वेळी एक्सपोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, बदलतं. तुमचा कॅमेरा वेडा झालेला नाही, उजेडच नाचतोय.

दुखण्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट, जी मी फोटोंच्या नादात एकदा विसरले होते. फुलबाजीचं टोक १००० अंश सेल्सिअसच्या वर तापतं आणि विझल्यावरही तार बराच वेळ चटका देते. ज्याचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला आहे तो माणूस पोरांवर लक्ष ठेवू शकत नाही, त्यामुळे फक्त मुलांकडे बघणारं दुसरं मोठं माणूस हवंच. पाण्याची बादली हाताशी, विझलेली तार थेट बादलीत, पायात बंद बूट, अंगात सुती घट्टसर कपडे, एका हातात एकच फुलबाजी. पाच वर्षांखालच्या पोरांच्या हातात द्यायचीच नाही. त्यांना मोठ्याच्या कडेवर बसवून दुसऱ्याची फुलबाजी लांबून बघताना टिपावं, आणि खरं सांगायचं तर ते फोटो जास्त चांगले येतात.

तोंड काळं, फुलबाजी पांढरी

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. इथं पहिली चूक मीटरिंगची, म्हणजे कॅमेरा उजेड कुठं मोजतो याची असते. फोकसचा चौकोन फुलबाजीवर पडला की कॅमेऱ्याला वाटतं, बापरे केवढा उजेड, आणि तो सगळं अंधारात ढकलतो. चौकोन मागच्या काळोखावर पडला तर उलट होतं: शटर लांबतं, तोंड हलतं, फुलबाजीचा पांढरा फुगा होतो. यावर मधला उपाय नाही. मॅन्युअलवर जा, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवा.

सुरुवात इथून करा: शटर १/१२५ सेकंद, अपर्चर एफ २.८ (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), आयएसओ १६००. एक फोटो काढा, फक्त तोंडाकडे बघा. काळं वाटलं तर आयएसओ ३२०० करा. दाणे येतील, येऊ देत. दाणेदार फोटो घरातले सगळे आवडीने बघतात, हललेला फोटो कुणी बघत नाही. शटर मात्र १/५०० वगैरेला नेऊ नका. फुलबाजीचा पिसारा आपल्याला दिसतो तो ठिणग्यांच्या छोट्या छोट्या रेघांनी बनलेला असतो. शटर फार वेगात नेलं की रेघा आखूड होतात आणि फुलबाजी केस गळाल्यासारखी दिसायला लागते. पोरगं स्थिर उभं राहत असेल तर १/६० ला ठिणग्या छान भरगच्च येतात.

दुसरी चूक जागेची, आणि ती कुठल्याही सेटिंगने सुटत नाही. पोरगं कॅमेऱ्याकडे बघतं आणि फुलबाजी मागे किंवा बाजूला लांब धरतं. मग उजेड कानावर पडतो, तोंडावर नाही. तोंड उजळायचं तर फुलबाजी पोराच्या पुढं हवी, कॅमेऱ्याच्या बाजूला थोडी कलती, हात पूर्ण लांब, खांद्याच्या उंचीला. छातीच्या खाली गेली की उजेड खालून येतो, नाकाची सावली कपाळावर चढते आणि गोड पोरगं भुताच्या गोष्टीतलं वाटायला लागतं. आणि "इकडं बघ, इकडं बघ" म्हणून ओरडू नका. त्याला फुलबाजीकडे बघू द्या. त्याची नजर तशीही तिथंच असते, तोंड आपोआप उजेडाकडे वळतं, आणि डोळ्यांत ठिणगीचं बारीक प्रतिबिंब येतं. तुम्ही फक्त फुलबाजीच्या बाजूने सरकून उभं राहा.

फुलबाजी तोंडाजवळ आणायला लावून उजेड वाढवायचा मोह होतो. त्याऐवजी दुसरा उजेड आणा: कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च पांढऱ्या भिंतीवर किंवा ताणून धरलेल्या पांढऱ्या चादरीवर मारायला सांगा. परतून येणारा मऊ उजेड एवढासा असतो, पण तोंडाला तेवढाही पुरतो.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लवकर सुरू करणं. सूर्य मावळल्यावर वीस-तीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं, पण पूर्ण काळं नसतं. त्या आकाशाचा उजेड तोंडावर पसरलेला असतो, फुलबाजीही उठून दिसते, आणि मागे काळ्या भिंतीऐवजी निळा पडदा मिळतो. तोंडाचे माझे बरे फोटो बहुतेक याच वेळचे आहेत. पूर्ण अंधार रेघांच्या फोटोंसाठी राखून ठेवा. पोरांना थांबवून धरणं जड जातं हे मान्य.

तोंडं तीन, हात पाच

शटर लांब आहे आणि पोरगं हलतंय, एवढंच कारण. पण रेघही हवी आणि तोंडही स्पष्ट हवं असेल तर? तोच तर सगळ्यांना हवा असलेला फोटो. तो फ्लॅशने मिळतो.

शटर उघडं राहतं तेव्हा फुलबाजी रेघ काढते, आणि एका क्षणाचा फ्लॅश तोंड गोठवतो. कमी ताकदीवरचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पेटतो, तेवढ्यात कुठलंच पोर हलू शकत नाही. १९४९ साली ग्यॉन मिली या छायाचित्रकाराने पिकासोंच्या हातात छोटा विजेचा दिवा देऊन त्यांना हवेत चित्रं काढायला लावली होती, शटर उघडं ठेवून. आपल्या अंगणातला खेळ त्याच जातीचा, फक्त आपले पिकासो दर दहा सेकंदांनी "मला बघू" म्हणतात.

सुरुवातीची सेटिंग: कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर २ ते ४ सेकंद, एफ ८, आयएसओ १००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ ताकदीला, पोरगं दोन-तीन मीटरवर. तोंड जास्त पांढरं आलं तर फ्लॅश १/३२. रेघ जास्त जळली तर एफ ११, मात्र मग फ्लॅश एक स्टॉपने वाढवावा लागतो, कारण अपर्चर दोघांनाही लागू पडतं. शटरला हात लावायचा तो मागचं आकाश किंवा भिंत जास्त-कमी दिसली तरच, नाहीतर रेघ अपुरी राहिली तर.

आता यातली मेख. वेगळं काही लावलं नसेल तर फ्लॅश शटरच्या सुरुवातीला पेटतो. पोरांच्या डोक्यात मात्र फ्लॅश म्हणजे फोटो संपला. भाचा बदामाचा आकार काढायला लागायचा, फ्लॅश उडायचा, आणि तो लगेच हात खाली टाकून माझ्याकडे पळत यायचा. फोटोत अर्धा बदाम आणि तिथून जमिनीकडे लोंबणारं शेपूट. दोन सुट्ट्या मी त्याला रागवत होते. चूक माझीच होती. कॅमेऱ्याच्या मेनूत फ्लॅश शेवटी पेटवायची सोय असते, 'रिअर कर्टन सिंक' नावाची. काही ठिकाणी 'सेकंड कर्टन'. ती लावली की पोरगं आधी रेघ पूर्ण करतं, मग फ्लॅश उडतो, मग ते पळत येतं. पळणाऱ्या पोराच्या फोटोतही हीच बरी, कारण रेघ त्याच्या मागे राहते. सुरुवातीला फ्लॅश उडाला तर रेघ त्याच्या पुढं धावते आणि पोरगं उलटं पळतंय असं वाटतं.

हे करूनही पोरगं सुरुवातीलाच हात टाकत असेल तर फ्लॅश टीटीएलवर आहे. त्या पद्धतीत कॅमेरा उजेड मोजायला आधी एक छोटा फ्लॅश मारतो, आणि तो पोरांना पुरतो. मॅन्युअलवर हा आधीचा फ्लॅश नसतो.

फ्लॅश असूनही पोरगं आरपार दिसतं, त्याच्या पोटातून मागची खिडकी दिसते? मागे उजेड आहे. पोरगं जागेवरून हलल्यावर त्या खिडकीचा उजेड त्याच जागी उमटतो. खिडकीतला दिवा बंद करा किंवा पोराला गर्द झाडांसमोर उभं करा.

फोकस भटकतो, फोटो निघतच नाही

बटण दाबलं की लेन्स पुढं-मागं, पुढं-मागं, घर्रर्र, आणि तोवर फुलबाजी संपली. अंधारात ऑटोफोकसला पकडायला काही मिळत नाही, आणि मिळतं ते ठिणग्यांचं, जे दर क्षणी जागा बदलतं.

फुलबाजी पेटवायच्या आधी पोराला जागेवर उभं करा, पायाशी खडूने किंवा दोरीने खूण करा, त्याच्या शर्टवर टॉर्च मारा, फोकस घ्या, आणि लेन्सवरचं बटण मॅन्युअल फोकसला सरकवा. नंतर त्या रिंगला कुणी हात लावायचा नाही. मी चिकटपट्टीचा तुकडाच लावते.

रेघांच्या फोटोंत एवढी काळजी लागत नाही, हेही सांगते. ३५ मिमी लेन्स, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, एफ ८ आणि फोकस चार मीटरवर असेल तर साधारण सव्वादोन मीटरपासून पार अठरा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. तोंडाच्या फोटोंत मात्र ५० मिमी, एफ १.८ आणि दोन मीटर अंतर म्हटलं की हातात सतरा-अठरा सेंटिमीटर राहतात. पोरगं उत्साहात अर्धं पाऊल पुढं आलं की गेलं. म्हणून तोंडासाठीही मी एफ २.८ च्या खाली सहसा जात नाही. मोठ्या अपर्चरची लेन्स घेतली म्हणून ती पूर्ण उघडलीच पाहिजे असं नाही.

एक फोटो काढला की कॅमेरा गोठतो

या दुखण्याने मला एका रात्री रडायला आणलं होतं. आठ सेकंदांचा फोटो काढला, आणि पुढचे आठ सेकंद कॅमेरा बटणाला दादच देईना. तोवर फुलबाजी विझली. नवी पेटवली, पुन्हा तेच. मला वाटलं कार्ड गेलं. दुसरं कार्ड घातलं. बॅटरी बदलली.

कॅमेरा धडधाकट होता. 'लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन' नावाची सेटिंग चालू असली की कॅमेरा प्रत्येक लांब फोटोनंतर तेवढाच वेळ शटर बंद ठेवून एक काळा फोटो मनातल्या मनात काढतो आणि त्यातले दाणे मूळ फोटोतून वजा करतो. आठ सेकंदांना आठ सेकंदांचा दंड. लहान फुलबाजी जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट जळते, त्यातला निम्मा वेळ असा जातो. काही सेकंदांच्या आणि आयएसओ १०० च्या फोटोंना ही सेटिंग नसली तरी काही बिघडत नाही. बंद करा.

फोनवर सगळंच पांढरं, किंवा सगळंच दुधाळ

फोनवाल्यांचा मुख्य शत्रू नाइट मोड. तो अनेक फोटो काढून एकमेकांवर बसवतो, आणि पोरगं प्रत्येकात वेगळ्या जागी असतं. निकाल: चेहरा मेणासारखा, हात गायब, ठिणग्यांची पेस्ट. अंधार दिसला की हा मोड आपोआप चालू होतो, त्यामुळे दर वेळी बघून बंद करावा लागतो. आयफोनवर पिवळ्या चंद्राच्या खुणेवर बोट ठेवून पट्टी शून्यावर आणायची.

मग तोंडावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर तिथं कुलूपबंद होतं. त्यानंतर बोट पडद्यावर खाली ओढून उजेड थोडा कमी करा. पडद्यावर किंचित काळपट दिसेल इतका. फोन नेहमी जास्त उजळवतो.

रेघ हवी असेल तर आयफोनवर एक जुनी सोय आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा. तो बटण दाबण्याच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दीड सेकंद साठवतो. नंतर फोटो उघडून 'लाइव्ह'च्या यादीत 'लाँग एक्सपोजर' निवडायचं. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून हे आहे. तीन सेकंदांत एक गोल किंवा एक आठ निघतो. फोन मात्र हलता कामा नये, कुठंतरी टेकवून ठेवा. अँड्रॉइडवर प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात खाली आणि शटर २ ते ४ सेकंद. आणि तरीही रेघ जळतेय? बहुतेक फोनांत अपर्चर बदलता येत नाही, आयएसओ आधीच तळाला आहे, मग उरला फक्त हाताचा वेग. पोरांना सांगा, जोरात फिरवा. ही सूचना ती आनंदाने पाळतात.

दुधाळपणाचं कारण मात्र बहुधा बोटांचे ठसे. फोनची लेन्स शर्टाच्या टोकाने पुसून पुन्हा काढा, मग सेटिंगवर संशय घ्या. पुसूनही दुधाळच आला तर धूर. पाच-सहा फुलबाज्या एकदम पेटल्या की धुराचा पडदा उभा राहतो आणि उजळतोही. वारा बाजूने वाहत असेल अशी जागा घ्या, दोन फोटोंमध्ये धूर जाऊ द्या.

काल जमलं, आज त्याच सेटिंगवर जमत नाही

फुलबाज्या बदलल्या असतील. आत लोखंडाचा कीस असेल तर ठिणग्या सोनेरी, फांद्या फुटल्यासारख्या येतात. पोलादातल्या कार्बनमुळे ठिणगी हवेत पुन्हा फुटते. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची भुकटी जास्त असेल तर उजेड पांढरा आणि कितीतरी प्रखर. लोखंडी फुलबाजीला बसवलेलं एक्सपोजर पांढऱ्या फुलबाजीवर जळतं. नवं पाकीट उघडलं की पहिली फुलबाजी चाचणीची समजा.

रंग दर फोटोत बदलत असेल तर कारण ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवायची कॅमेऱ्याची सोय. तो एका फोटोत तोंड हळदीचं करतो, दुसऱ्यात राखेचं. ४००० केल्विनच्या आसपास कायम ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत) काढा, म्हणजे घरी सगळे एकदम सुधारता येतात. पण तोंडावरचा सोनेरीपणा पूर्ण धुऊन काढू नका. फुलबाजीच्या उजेडात बसलेलं पोर दुपारच्या उन्हात बसल्यासारखं दिसलं तर एवढा खटाटोप कशाला केला? फ्लॅश वापरत असाल तर त्याच्यावर नारिंगी जेलचा (पारदर्शक रंगीत कागदाचा) तुकडा लावा, नाहीतर तोंड निळसर आणि फुलबाजी केशरी असा बेबनाव होतो.

आणि अंगणात चांगले दिसलेले फोटो सकाळी काळे निघतात, यात कॅमेऱ्याचा दोष नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पडदा फार उजळ वाटतो. पडद्याची चमक कमी करा आणि हिस्टोग्राम (काळोख डावीकडे, उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख) बघा. उजव्या टोकाला एक सुळका येणारच, तो फुलबाजीचा गाभा. तो पांढराच राहतो, त्याच्या मागे लागू नका. तोंडाचा ढीग डाव्या भिंतीला चिकटलेला नाही ना, एवढं पाहा.

फुलबाजीची हिरवट जुळी बहीण

फोटोत दुसऱ्या टोकाला एक पुसट ठिपका, कधी अख्ख्या रेघेची उलटी नक्कल. फुलबाजीपासून फोटोच्या मध्यबिंदूतून सरळ रेघ ओढा. ठिपका पलीकडे तेवढ्याच अंतरावर सापडला तर लेन्सपुढचा सपाट फिल्टर गुन्हेगार आहे. सेन्सरवरून परतलेला उजेड त्या काचेवर आपटून पुन्हा आत येतो. फिल्टर काढा. पण फिल्टर काढून ठिणग्यांच्या जवळ जाऊ नका, तापलेल्या लोखंडाचा कण लेन्सच्या काचेवर कायमचा डाग पाडू शकतो. लांबची लेन्स लावून मागे सरकणं उत्तम. फोनला काढायला फिल्टरच नसतो. तिथं फुलबाजी चौकटीच्या मध्याजवळ आणली की नक्कल तिच्याच अंगावर पडून लपते.

नाव उलटं येतं

पोरं हवेत स्वतःचं नाव लिहितात, आपल्याकडे तोंड करून, त्यामुळे आपल्याला ते आरशातलं दिसतं. उलटं लिहायला शिकवू नका, मी ती संध्याकाळ वाया घालवली आहे. घरी फोटो आडवा उलटवा, नाव सरळ होतं. शर्टवर अक्षरं असतील तर ती मात्र आता उलटी दिसतील, तेव्हा शर्ट साधा घाला.

देवनागरीची अडचण निराळी. फुलबाजी उचलता येत नाही. कागदावर 'ग' लिहिताना आपण गाठ काढून हात उचलतो आणि मग दांडी ओढतो. हवेत त्या दोन भागांना जोडणारी जादा रेघ उमटते, आणि 'ग'चा भलताच कुणीतरी होतो. पोरांना समजावून उपयोग नाही. शटर बल्बवर ठेवायचं (बटण दाबून धरलंय तोवर ते उघडं राहतं), हातात काळा पुठ्ठा घ्यायचा, आणि पोराचा हात एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाईल तेवढा वेळ लेन्ससमोर तो धरायचा. कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही. "थांब" म्हटलं की पोरानं थांबायचं, "लिही" म्हटलं की लिहायचं. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे एका दमात, आणि तिच्या टोकाला फ्लॅश.

भाचीचं नाव तीन अक्षरी आहे, अकरा फुलबाज्या लागल्या. शेवटच्या फोटोत अक्षरं नीट, शिरोरेषा सरळ, तोंड एकच आणि हसरं. डोळे मिटलेले. त्याला माझ्याकडे अजून तरी "पुन्हा काढू" एवढाच उपाय आहे.